खाणीच्या आधीचे काम

आमच्या मसुऱ्याच्या भरतगडाची हकीकत येथील बहुतेक मुलांनी घरी ऐकली आहे. शिवाजी महाराजांनी ही टेकडी पाहिली, परंतु पाण्याची वाण म्हणून येथे गड बांधण्याचा बेत सोडला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी आधी कातळ फोडून खोल विहीर खणविली, पाणी लागले, आणि मगच १७०१ साली किल्ला पुरा झाला, असे सांगतात. ज्यावर सर्व कामाचा भार ते जमिनीच्या पोटात आहे की नाही हे आधी पाहावे, मग दगडावर दगड चढवावा, अशी ही रीत आहे. भूमिगत कोळशाच्या खाणीसही हीच रीत लागू पडते. फरक इतकाच की विहीर खणणारा पाणी शोधीत असतो, आणि खाण खणणाऱ्यास कोळशाबरोबर नको असताही पाणी भेटते. ते पाणी पुष्कळदा शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे असते.

आमच्या बाजूस दगडी कोळसा नाही. रत्नागिरीकडे विहिरी खणताना जांभ्याखाली काळी माती व लिग्नाइट नावाचा कच्चा कोळसा आढळला आहे, तेवढेच. खरा दगडी कोळसा विदर्भात, वर्धा नदीच्या खोऱ्यात व नागपूरच्या आसपास आहे. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या रानांचे ते अवशेष होत. वरोऱ्याची जुनी सरकारी खाण १९०६ साली बंद पडली, तरी त्या प्रांतातील कोळशाचे काम थांबले नाही.

पण जमिनीखाली कोळसा आहे हे कळावे कसे? त्यासाठी विंधण करितात. पोकळ नळीच्या तोंडास हिऱ्याचे कण बसविलेले असतात. ती फिरत फिरत खडक कापीत खाली जाते, आणि तिच्या पोटात खडकाचा दंडगोल, मुळ्याच्या कांडीसारखा, शिल्लक राहतो. ह्या कांड्या वर काढून पेटीत क्रमाने मांडतात व कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला हे लिहून ठेवितात. प्रथम भोके दूरदूर पाडावयाची, आशा दिसली म्हणजे जवळजवळ. तथापि एका भोकातून जे कळते ते त्या भोकापुरतेच. दोन भोकांच्या मधील भूमी शेवटी अनुमानाचीच राहते. तेथे थर तुटलेला असेल, खडकात भेग असेल, भेगेत पाणी असेल. काम झाल्यावर भोक सिमेंटने नीट बुजविले नाही, तर तेच पुढे खाणीत पाणी उतरण्याची वाट होऊन बसते.

ह्या अनुमानावर खाणीचा आराखडा तयार होतो. जमिनीखाली बोगदे काढीत जावयाचे व छत तोलण्यास कोळशाचेच चौकोनी खांब मध्ये ठेवावयाचे, ही आपल्याकडील जुनी पद्धत. शेवटी ते खांबही काढू लागले की छत कोसळते व वरील जमीन खचू शकते. म्हणून खांब काढण्यास खाणसुरक्षा खात्याची निराळी लेखी परवानगी लागते. भूमिगत खाणीस वरची जमीन थोडी लागते हे खरे. पण ‘वरच्या शेतास काही होत नाही’ असे जे सरसकट सांगितले जाते, ते आम्हांस पटत नाही. खाण कोरडी ठेवण्यास पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. विदर्भात कोळशाच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठीचा वालुकाश्म आहे, आणि तोच तेथील विहिरींचा आधार.

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यातील गोंडखैरी येथे भूमिगत खाण योजिली गेली, तेव्हा जुलै २०२३ मध्ये झालेल्या जनसुनावणीस गावकऱ्यांनी मोठा विरोध केला. त्यांच्या चिंतेत विहिरींचे पाणी हा मुख्य विषय होता. ही सुनावणी म्हणजे काय ते पालकांनी समजून घ्यावे, कारण २००६ सालची तीच अधिसूचना खनिजाच्या मोठ्या खाणींसही लागू आहे, आणि रेडी, कळणे ही नावे आमच्या जिल्ह्यास नवी नाहीत. सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत पाहावयास ठेवितात. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो, आणि झालेले बोलणे लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. मात्र तेथे मतदान होत नाही. निर्णय पुढे व्हावयाचा असतो. शिवाय किमान उपस्थितीची अट नाही, तेव्हा गावातून एकही मनुष्य आला नाही तरी सुनावणी झालीच असे धरितात.

कागद चुकला तर काय होते, हे झारखंडातील चासनाला येथे दिसले. २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या अंगाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेले पाणी फुटून खालच्या खाणीत घुसले व ३७५ माणसे दगावली. जुन्या खोदकामापासून ६० मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये असा नियम आहे. पण ते खोदकाम नेमके कोठवर गेले आहे हे नकाशात बरोबर उतरले असेल, तरच तो नियम उपयोगाचा.

शेतकऱ्याजवळही एक कागद असावा, असे आम्ही सुचवितो. दोरीस दगड बांधून महिन्याच्या ठरल्या दिवशी आपल्या विहिरीतील पाणी मोजावे व वहीत तारीख घालून लिहावे. शाळेतील मुलास हे काम सहज करता येईल. विंधणाचे यंत्र गावात येण्यापूर्वीची निदान दोन उन्हाळ्यांची नोंद त्या वहीत हवी. कारण पाणी उतरल्यावर घेतलेल्या मापावरून ते किती उतरले हे कोणासच सांगता येत नाही.