उणे १९६ अंशांची परीक्षा

इलेक्ट्रॉनिक भागांच्या डेटाशीटवर तापमानाची खालची मर्यादा बहुधा उणे ४० नाहीतर उणे ५५ अंश असते. द्रव नायट्रोजन उकळतो उणे १९६ला. तिथे भागाचं काय होतं ते कंपनी छापत नाही, त्यामुळे खोपोलीजवळच्या साजगावातल्या आमच्या शेडमध्ये तो बुडवूनच बघावा लागतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव कॅनमधून फिरतो, तोच हा नायट्रोजन.

आधी भाग टेबलावर मोजायचा. मग बारीक तारा जोडून थोडा वेळ वाफेत धरायचा आणि सावकाश आत सोडायचा. एकदम टाकला तर सिरॅमिकला तडा जातो. नायट्रोजन खदखदतो. खदखद थांबली की भाग आतपर्यंत गार झाला, तेव्हा आकडे लिहायचे.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर लगेच नापास होतो, आतला द्रवच गोठतो. एक्स-सेव्हन-आर जातीच्या सिरॅमिक कॅपॅसिटरची क्षमता निम्म्याच्याही खाली येते. सी-झीरो-जी जातीचा मात्र जवळपास हलत नाही, म्हणून माझा भरवसा त्याच्यावर. मेटल फिल्मचे रेझिस्टरही टिकतात. साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं प्रवर्धन पार घसरतं, पण सीमॉस चिप पुष्कळदा चालते, कधी आधीपेक्षा वेगानंसुद्धा, कारण थंडीत इलेक्ट्रॉनची वाट मोकळी होते. लाल एलईडी बुडवली की तिचा प्रकाश नारिंगीकडे सरकतो. कितीदा बघितलं तरी मी पुन्हा बघतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली (टीआयएफआर) थंडी याच्याही फार खालची. २०२४मध्ये तिथे ६ क्युबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. असे क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाची मूळ एककं, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ चालतात. त्यांच्या सर्किटला लागणारे भागही असेच एकेक पारखून घ्यावे लागतात.

आमच्याकडे खरी अडचण भाग बाहेर काढल्यावर येते. खोपोलीच्या पावसाळी हवेत त्यावर क्षणात हिम धरतं, मग पाणी सुटतं, आणि त्या ओलाव्यातून वाहणारा प्रवाह भागाचाच दोष वाटतो. म्हणून नाजूक मोजमापं आम्ही गावातली बोंबल्या विठोबाची कार्तिकातली यात्रा उरकल्यावर, कोरड्या हवेत घेतो. गरम झाल्यावर पुन्हा मोजायचं आणि पुन्हा बुडवायचं. पहिल्या बुडीत पास झालेला भाग पुढे एखाद्या बुडीत तुटतो.

आणि पास झाला तरी तो ज्या रिळातून आला त्या रिळापुरताच. नंबर तोच ठेवून कंपनी आतली चिप बदलू शकते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं नवं रीळ आलं की त्यातले भाग पुन्हा नायट्रोजनमध्ये.