डेव्ही क्रॉकेट : टोपीआडचा माणूस



डेव्ही क्रॉकेट म्हटलं की काय आठवतं? रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी. ही टोपी मुलांच्या डोक्यावर आली ती १९५० च्या दशकात, डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. आज आपण टोपी बाजूला ठेवू या आणि माणूस बघू या.

जन्म १७८६ चा, पूर्व टेनेसीतला. घरची गरिबी, शाळा जेमतेम काही महिने. १८१३ मध्ये क्रीक लोकांशी युद्ध पेटलं, तेव्हा हा अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून लढला. टॅलुशाची गावावरच्या हल्ल्यात माणसांसकट एक घर पेटवलं गेलं. हे आपल्याला सांगतो कोण? तो स्वतःच, १८३४ च्या आत्मचरित्रात.

१८२१ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात गेला, १८२७ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात. तिथं त्याचा एकच धोशा : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या गरीब माणसाला ती जमीन मिळाली पाहिजे. याच मुद्द्यावर जॅक्सनच्या गटाशी त्याचं बिनसलं.

आता १८३० कडे येऊ. जॅक्सन राष्ट्राध्यक्ष आहेत. मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचं विधेयक सभागृहात येतं आणि १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर होतं. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत पडलं फक्त क्रॉकेटचं. लक्षात घ्या, त्याचे मतदार सीमेवरचे, जमिनीला आसुसलेले. १८३१ ची निवडणूक तो हरला. १८३३ ला पुन्हा निवडून आला, १८३५ ला पुन्हा पडला.

मग जमीन आणि नवं राजकारण शोधत तो टेक्सासला गेला. तिथं मेक्सिकोविरुद्ध बंड सुरू होतं. ६ मार्च १८३६ रोजी, तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर, अलामो पडला. त्यात तो मारला गेला. वय ४९.

म्हणून तो संत ठरतो का? नाही. ज्या टेक्सासच्या बाजूनं तो मेला, त्याच्या त्याच महिन्यातल्या घटनेनं गुलामगिरी कायम ठेवली. आणि त्याच्या मतानं कायदाही अडला नाही. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना हाकलण्यात आलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

तरीसुद्धा मला त्याच्या अलामोपेक्षा ते मत मोठं वाटतं. अलामोत त्याच्या आजूबाजूला सोबती होते. सभागृहात, आपल्या राज्याच्या बाकांवर, तो एकटा होता.