साखळीचा जुना लहान ट्रॅक्टर : वापर आणि दुरुस्ती

कॅटरपिलर कंपनीचा डी-२ हा साखळीवर चालणारा लहान ट्रॅक्टर. अमेरिकेत पिओरिया गावी तो १९३८ ते १९५७ या काळात तयार होत असे. वजन सुमारे तीन टन, डिझेल इंजिन चार सिलिंडरांचे. कारखान्यातून तो येणे थांबले त्याला किती वर्षे लोटली! तरीही हौशी माणसे आणि लहान शेतकरी तो अजून चालवतात. असे यंत्र तुमच्या हाती आले, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. आज घाईने एखादा भाग मोडलात, तर तो सहजी मिळणार नाही. म्हणून पाना उचलण्यापूर्वी डोळे, कान आणि नाक वापरा.

प्रथम सुरू करण्याची रीत पाहू. डिझेल इंजिनाला जाग आणायला शेजारी दोन सिलिंडरांचे छोटे पेट्रोल इंजिन बसवलेले असते. आधी ते सुरू करायचे. मग कॉम्प्रेशनचा दांडा मोकळ्या जागी ठेवून त्याच्याकडून मोठे इंजिन फिरवून घ्यायचे. छोट्याचे गरम पाणी आणि धूर यांनी थोरल्याला ऊब मिळते. तेलाच्या दाबाचा काटा वर आला, की कॉम्प्रेशन द्या आणि मग डिझेल सोडा. इथे उतावीळपणा केलात, तर कोरड्या बेअरिंगा झिजतात.

काम झाल्यावर छोटे इंजिन बंद कसे करता, यालाही महत्त्व आहे बरं का. पेट्रोलची तोटी बंद करा आणि उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप थांबू द्या. तोटी उघडी राहिली, तर पेट्रोल झिरपत त्याच्या तेलात उतरते. तेल मापण्याची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर तेल बदलल्याशिवाय ते इंजिन चालवू नका.

आता समजा, डिझेल इंजिन सुरू झाले, पण अडखळते आहे. चारांपैकी कामचुकार कोण? इंजिन मंद चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल-नळीचा नट किंचित सैल करा. फवारा हातावर वा डोळ्यांत जाणार नाही, असे उभे राहा. आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाज तसाच राहिला, तर चोर सापडला म्हणून समजा! पण लगेच इंजिन उघडू नका. नळीतली हवा आणि गाळणीतला गाळ आधी काढा. पुष्कळदा दुखणे तिथेच असते. धुराकडेही बघा. काळा धूर असेल, तर हवा कमी पडते आहे. हवेची गाळणी साफ करा. निळा असेल, तर वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा असेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे.

या ट्रॅक्टरला वळवण्यासाठी चाक नसते. उजवा दांडा ओढला, की उजव्या साखळीचा क्लच सुटतो, डावी साखळी ओढत राहते आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. वळणाचे हे क्लच कोरडे असतात. यंत्र पावसाळाभर उभे राहिले, की चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. दांडा ओढूनही ट्रॅक्टर सरळच गेला, तर बहुधा हेच झालेले असते. उलट चकत्यांवर तेल गळले, तर त्या घसरतात. मग नुसत्या चकत्या पुसून भागत नाही, गळतीच बंद करावी लागते.

साखळी फार ताणू नका. ताण पाहण्याआधी चिखल खरवडून काढा. वरची बाजू इंच-दीड इंच झोळ खाते, इतपत सैल असावी. जास्त ताणलेली साखळी स्वतःही झिजते आणि रोलरही झिजवते.

शेवटची सूचना जिवाची आहे. तीव्र उतारावर ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाने खाली ढकलला जातो, तेव्हा दांड्यांचा परिणाम उलटा होतो! ज्या बाजूचा क्लच सोडाल, ती साखळी मोकळी धावते आणि ट्रॅक्टर विरुद्ध बाजूला वळतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका आणि शक्यतो सरळ उतरा. हे सपाट जागी नीट समजून घ्या, कारण उतारावर विचाराला सवड मिळत नाही.

जुन्या यंत्राला मालकाचे थोडे सबुरीचे लक्ष हवे असते. तेवढे द्या, ते तुम्हाला पुढची कित्येक वर्षे काम देईल.