शेतावरचे अनाहूत अतिथी

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाला पाच नित्ययज्ञ सांगितले आहेत : ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. त्यांपैकी भूतयज्ञ म्हणजे स्वतः जेवण्यापूर्वी मुक्या जीवांसाठी घास काढून ठेवणे. गोग्रास, काकबळी, मुंग्यांसाठी चिमूटभर पीठ या चाली त्याच संस्कारातून आल्या. आपल्या आज्या-पणज्या कोकणातून सागरापार गेल्या तेव्हा त्यांच्या गाठोड्यात पोथी असो वा नसो, हा संस्कार त्यांच्याबरोबर गेला.

परंतु ताटातला घास आपण आपल्या हाताने काढतो. शेतावर येणारा प्राणी मात्र आपला घास स्वतःच काढून घेतो आणि तो किती घ्यायचा हेही तोच ठरवितो. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही, असा अर्थ परंपरेने केला जातो. त्या अर्थाने रानडुक्कर, वानर, हरीण आणि खोकड हे खरेखुरे अतिथीच होत. त्यांच्याशी शेतकऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न कोकणात, मॉरिशसमध्ये आणि येथे पिनरमध्येही जुनाच आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. या पाहुणचाराचा खर्च कोणी सोसायचा?

आपण जेथे राहतो त्या पिनरपासूनच आरंभ करू. पिनर आणि हॅरो यांच्यामध्ये, चारी बाजूंनी घरांनी वेढलेली सुमारे २३० एकर मोकळी जमीन आहे. ती पिनर पार्कची शेती. विसाव्या शतकात येथे दुभत्या गाईंचा व्यवसाय चालत असे, ही गोष्ट पिनरमधील जुन्या रहिवाशांना आठवत असेल. मात्र 'पार्क' हा शब्द येथे मुलांच्या खेळण्याच्या बागेमुळे आलेला नाही. मध्ययुगात हे कँटरबरीच्या आर्चबिशपचे हरणांचे राखीव कुरण होते. हरणांनी बाहेर जाऊ नये म्हणून भोवती खंदक खणून मातीचा बांध घातलेला होता. जवळच हेडस्टोन येथे, पाण्याच्या खंदकाने वेढलेला, इ. स. १३१० च्या सुमाराचा वाडा आणि १५०६ चे भव्य लाकडी कोठार आजही उभे आहे. १५४५ साली ही सारी मालमत्ता आठव्या हेन्री राजाकडे गेली आणि पुढे हरणे जाऊन तेथे नांगर आला.

त्या काळच्या व्यवस्थेत हरीण हे धन्याचे असे. अशा राखीव कुरणात शिरून हरीण मारणे हा इंग्लंडभर दंडनीय अपराध होता. परंतु बांध ओलांडून तेच हरीण एखाद्या कुळाच्या कोवळ्या पिकात शिरले, तर नुकसान कुळाचे. प्राणी एकाचा आणि पीक दुसऱ्याचे, ही विभागणी ध्यानात ठेवावी. कारण पुढे सहा हजार मैलांवर आपल्या पूर्वजांच्या वाट्यालाही तीच आली.

मॉरिशस बेटावर ऊस कोणी आणला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. डच गव्हर्नर आड्रियान व्हान डेर स्टेल याने १६३९ साली तो जावाहून आणला. त्याच वर्षी, त्याच जावाहून, त्याच गव्हर्नराने बेटावर हरणेही सोडली. ती रुसा जातीची, म्हणजे आपल्या सांबराचे भाऊबंद. ऊस आणि उसाचा अनाहूत पाहुणा हे दोघे अशा रीतीने एकाच वेळी त्या भूमीवर उतरले. लांब शेपटीची माकडे त्याच शतकात युरोपीय खलाशांच्या जहाजांतून आली आणि उंदीर तर कोणी न आणताच आले. १८३४ नंतर गिरमिटावर सही अथवा अंगठा करून रत्नागिरीकडची माणसे मुंबई बंदरातून त्या बेटावर पोहोचली, तेव्हा ही सारी मंडळी फडाच्या कडेला आधीच ठाण मांडून बसलेली होती.

गिरमिटाच्या काळात ऊस मळेवाल्याचा होता. हरणाने तो खाल्ला काय किंवा वादळाने पाडला काय, मजुराचे प्रत्यक्ष पीक जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकावयास सुरुवात केली. मॉरिशसच्या इतिहासात या पर्वाला 'मोर्सेलमां' म्हणतात. पोटाला चिमटा काढून साठविलेल्या पैशांतून आपल्या पूर्वजांनी एक-दोन एकर जमीन घेतली आणि मजुराचा शेतकरी झाला. मोठ्या मळ्याच्या शंभर एकरांतील दोन गुंठे ऊस माकडांनी मोडला तर त्याची वार्ताही धन्यापर्यंत जात नाही. दोन एकरांच्या शेतकऱ्याचे दोन गुंठे गेले की मुलाच्या शाळेची फी जाते. शिवाय हरणांची राने शिकारीसाठी राखलेली होती आणि ती शिकार हा बड्या लोकांचा शोक होता. पिनरच्या कुळाची गोष्ट येथे पुन्हा घडली.

अशा वेळी माणसाला वाटते, या पाहुण्याला एकदाचा घालवून द्यावा. तसे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. १८९९ साली मॉरिशसमध्ये प्लेग आला. उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून १९०० साली हिंदुस्थानातील मुंगूस बेटावर आणले गेले. कोकणात मुंगूस दिसणे हा शुभशकुन. तो सापाचा वैरी आणि घरादाराचा रक्षक. नव्या भूमीत त्याने उंदीर खाल्ले, पण कोंबड्यांची पिले आणि तेथील दुर्मिळ पक्षीही खाल्ले. उंदीर बेटावर आजही आहेत, आणि मुंगूसही आहे.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. मॉरिशसचे मोठे फळखाऊ वटवाघूळ हे मात्र बाहेरून आलेले नव्हे. माणसाच्या कितीतरी आधीपासून ते त्या बेटाचे रहिवासी आहे. तेथील मूळच्या वृक्षांची बीजे रानभर पसरविण्याचे काम ते करीत आले. राने तुटली, अंगणोअंगणी लिची आणि आंबा लागला, आणि वटवाघळे अंगणात आली. बागायतदारांची तक्रार खरी होती. ज्याने फळाच्या मोसमावर वर्षाचे गणित मांडलेले असते त्याला रात्रीत ओरबाडलेले झाड पाहवत नाही. सरकारने २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत मिळून ३८,००० हून अधिक वटवाघळे मारविली. तरीही बागायतदारांचा नफा वाढला नाही, असे पुढील अभ्यासात आढळले. २०१८ साली या प्राण्याची गणना जगातील संकटग्रस्त जातींमध्ये झाली. उपयोग झाला तो झाडावर नीट ताणून बसविलेल्या जाळीचा. ती जाळी विकत घेण्यास लहान बागायतदाराला सरकारी साहाय्य मिळू लागले, हीच त्या साऱ्या प्रकरणातील समंजस गोष्ट म्हटली पाहिजे.

आता आपल्या मूळ भूमीकडे वळू. कोकणात वानर आणि केलडी नारळ, काजू, केळी यांची नासधूस करतात. गवे भातशेतीत उतरतात. २००२ पासून कर्नाटकातील रानांतून हत्ती सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात येऊ लागले आहेत. मात्र सर्वांत कठीण प्रसंग उद्भवला तो घाटावर, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर परिसरात, आणि तोही उसाच्याच फडात.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा मुलूख पूर्वी बराचसा कोरडवाहू. धरणांचे आणि कालव्यांचे पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. वर्ष-सव्वा वर्ष उभे राहणारे, दाट, सावलीचे आणि जवळ पाणी असलेले हे पीक बिबट्याला रानासारखेच वाटले. कुत्री, शेळ्या, डुकरे हे भक्ष्य वस्तीभोवती होतेच. माद्या फडातच पिले घालू लागल्या. त्या फडात जन्मलेल्या बिबट्याला डोंगरातले जंगल परके आणि ऊस हेच घर.

२००१ च्या सुमारास या भागातील बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात धरून दूरच्या रानांत सोडण्यात आले. उपाय वरकरणी सरळ दिसतो. प्राणिशास्त्रज्ञ विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २००३ या काळाचा हिशेब मांडला तेव्हा निराळेच चित्र दिसले. या मोहिमेपूर्वी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ते १७ झाले. परक्या मुलखात टाकलेला, बावरलेला बिबट्या अधिक धोक्याचा ठरला, असे त्यांचे अनुमान आहे. याच्या उलट, शेजारच्या अकोले तालुक्यात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ बिबटे माणसांच्या दाट वस्तीत वावरत असल्याचे त्यांनीच पुढे दाखविले. तेथे त्या अभ्यासाच्या काळात माणसांचे बळी गेले नव्हते.

म्हणून सारे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. अलीकडच्या वर्षांत जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांत माणसे, विशेषतः लहान मुले, बिबट्याच्या हल्ल्यात दगावली आहेत. ज्या आईचे मूल गेले तिला भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार लंडनमध्ये बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. आणि हा धोकाही सर्वांना सारखा नाही. पक्क्या घरात राहणारा बागायतदार दार लावून निजतो. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून बायकामुलांसह आलेला ऊसतोड मजूर मात्र फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत निजतो. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात प्रथम शिरतो तो तोच. ज्यांच्या पणजोबांनी परक्या मुलखात ऊस तोडला, त्या आपणां वाचकांना हे चित्र अधिक विस्ताराने सांगावयास नको.

ह्याच मजुरांना तोडणीच्या वेळी कित्येकदा बिबट्याची इवलीशी पिले सापडतात. तोडणी थांबवून वनखात्याला निरोप धाडला जातो. माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचे पशुवैद्य पिलांची तपासणी करतात आणि रात्री ती पिले सापडल्या जागीच एका उघडता येईल अशा खोक्यात ठेवली जातात. मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. पिले हरवलेली मादी चवताळून वस्तीभोवती फिरू नये, हा यातील व्यवहार. भूतदया आणि शहाणपण येथे एकत्र आलेली आहेत. परंतु त्या दिवशी तोडणी थांबल्यामुळे मजुराची मजुरी बुडत असेल, तर ती त्याला कोण देणार? गोठा बंदिस्त करण्यास, कोपीभोवती दिवा आणि कुंपण करण्यास पैसा कोण देणार? बिबट्याने जनावर मारले, हत्तीने केळीची बाग मोडली, तर पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते, ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र भरपाई वेळेवर हाती पडली तरच शेतकऱ्याच्या मनात प्राण्याविषयी सहनशीलता टिकते.

आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी गावांत हाच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. शिवेवर वाघोबाचे लाकडी वा दगडी ठाणे असते. त्यापुढे नारळ फोडून गुराढोरांना अभय मागितले जाते. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच तिथीला व्हावी, यात आपल्या लोकांची समज आहे. वाघाला त्यांनी मित्र मानले नाही आणि शत्रूही मानले नाही. त्याला शिवेवर स्थान दिले आणि शिवेच्या आत राखण ठेवली. शिवाय तो नारळ साऱ्या गावाचा असतो. ज्याचा गोठा रानाला लागून आहे त्या एकट्यावर पूजेचा भार टाकला जात नाही.

पिनरमध्ये आपल्यापुढे संकट एवढे मोठे नाही. येथे येतो तो खोकड, ज्याला आपण सर्रास कोल्हा म्हणतो. रात्री परसात उकरून ठेवतो तो बॅजर. आणि लंडनभोवतीच्या रानांत आता मुंटजॅक नावाचे ठेंगणे हरीण दिसते, जे चीनमधून आणून विसाव्या शतकाच्या आरंभी वोबर्नच्या उद्यानात ठेवले होते. ते कोकणातल्या भेकराचे चुलतभावंड होय. बॅजरच्या बिळाला धक्का लावणे १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांनी खुराड्याचे दार सूर्यास्ताला लावावे, जाळी जमिनीत हातभर पुरावी. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना कुंपण घालावे. आणि उरलेले अन्न उघड्यावर टाकून पुण्य जोडल्याचे समाधान मानू नये. आपण खोकडाला घातलेल्या घासाची किंमत बहुधा शेजाऱ्याची कोंबडी देते.

भूतयज्ञाचे मर्म येथेच आहे. शास्त्राने गृहस्थाला आपल्या ताटातला घास काढावयास सांगितले आहे. शेजाऱ्याच्या ताटातला नव्हे. रानातला बिबट्या, हत्ती आणि वटवाघूळ राहावे असे आपणां शहरवासीयांस मनापासून वाटत असेल, तर त्यांच्या घासाचा भार दोन एकरांच्या शेतकऱ्याने आणि कोपीतल्या मजुराने एकट्याने वाहू नये, यासाठी आपलाही वाटा पुढे आला पाहिजे. येत्या वसुबारसेला गोग्रास काढताना आपल्या मंडळींनी एवढे मनात आणावे, आणि जमेल त्याने तो वाटा त्या शिवेपर्यंत पोहोचवावा.