चुकलेल्या ठिणगीचा शोध

जुनी मोटार चढणीस लागते. चालक पेट्रोलची कळ दाबतो, परंतु वेग वाढण्याऐवजी गाडी अडखळते, हिसके देते आणि धुराच्या नळीतून फटफट असे आवाज येऊ लागतात. चढण संपताच ती पूर्ववत चालू लागते. कारखान्यातील कारागीर या दोषास ‘मिसिंग’ म्हणतात. नवे स्पार्क प्लग बसविणे हा त्यावरचा सर्वांत सुलभ उपाय. त्यानंतर काही आठवडे गाडी सुरळीत धावते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. टॅक्सी चालविणाऱ्यास प्रत्येक खेपेस खर्च येतो आणि दिवसाची कमाईही बुडते. दोष परत आला, याचा अर्थ उपचार लक्षणावर झाला, कारणावर झाला नाही.

ॲम्बॅसिडर मोटारीचे उदाहरण घेऊ. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत ही गाडी तयार होत असे. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या देशास परिचित झाली. तिच्यात दीर्घकाळ वापरले गेलेले १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे होते.

एका सेकंदात शंभर ठिणग्या

अशा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या चार फेऱ्यांत आपले कार्य पुरे करतो : मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ज्वलनाने ढकलले जाणे आणि धूर बाहेर टाकणे. या अवधीत मुख्य दांडा दोनदा फिरतो. दांडा मिनिटाला ३,००० वेळा फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या पडावयास हव्यात. चार सिलिंडरांस मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात.

मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टची असते. तिच्यापासून हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो तो मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत्‌प्रवर्तनाच्या तत्त्वामुळे. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या फेऱ्यांचे व दुसरे हजारो फेऱ्यांचे. पहिल्यातील प्रवाह एकाएकी तोडला की दुसऱ्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान ‘पॉइंट’ करतात. त्यांच्याशी जोडलेला कंडेन्सर तोडण्याच्या क्षणी होणारी चमक शोषून घेतो. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता हात १, ३, ४, २ या क्रमाने सिलिंडरांना वीज पोहोचवितो.

चढणीवरच का?

वायू जितका अधिक दाबलेला, तितकी त्यातून ठिणगी पाडणे कठीण. सपाट रस्त्यावर सिलिंडरात थोडेच मिश्रण शिरते. चढणीवर ते पुष्कळ शिरते, दाब वाढतो आणि ठिणगीस अधिक व्होल्ट लागतात. दुबळी कॉइल किंवा चीर गेलेले झाकण नेमके तेथेच उघडे पडते. म्हणून बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसली, एवढ्यावरून तो सिलिंडरातही कार्य करील असे मानणे चुकीचे होय. नव्या प्लगच्या तीक्ष्ण कडांवरून ठिणगी कमी दाबात उडते. त्यामुळे मूळची दुर्बलता काही काळ झाकली जाते. कडा झिजताच ती पुन्हा प्रकट होते.

शोधाची रीत

पहिला प्रश्न असा : एकच सिलिंडर चुकतो की सर्व? धुराच्या नळीचा ठोका नियमाने गळत असेल, तर संशय एका सिलिंडरावर जातो. ठोके अनियमित गळत असतील, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर अथवा पेट्रोलचा पुरवठा यांपैकी सर्वांस सामाईक असा भाग तपासावा. संथ चालणाऱ्या इंजिनात लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची वीज इंजिनाच्या धातूकडे वळवितात. ज्या सिलिंडराची ठिणगी अशी बंद केल्यानेही चालीत फरक पडत नाही, तोच दोषी. हे काम अनुभवी माणसानेच करावे, कारण धक्का तीव्र बसतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर आग लागू शकते.

यानंतर त्या सिलिंडरातील प्लग शेजारच्या प्लगशी बदलावा. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लगच सदोष. दोष जागीच राहिला, तर तार, झाकण किंवा सिलिंडरातील दाब पाहावा. दाबमापकाने कमी दाब दिसल्यास सिलिंडरात थोडे वंगण तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. न वाढल्यास झडप किंवा गॅस्केट यांवर संशय घ्यावा. प्लगचा रंगही बोलका असतो : फिकट तपकिरी निरोगीपणाचा, कोरडा काळा अधिक पेट्रोलचा, तेलकट काळा वंगण आत शिरल्याचा.

पुन्हा पुन्हा जळणारे पॉइंट

कित्येकदा पॉइंट जळालेले आढळतात. ते कानशीने घासून फट ०.४ मिलिमीटर ठेवली की गाडी सुधारते, पण काही दिवसांनी पॉइंट पुन्हा जळतात. अशा वेळी कंडेन्सरकडे पाहणे अगत्याचे असते. तो निकामी झाला म्हणजे प्रवाह तुटताना पॉइंटमध्ये ज्योत उठते, धातू जळतो आणि कॉइलमधील दाबही घटतो. दुसरे कारण अधिक गूढ असते. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचे बुश झिजले की दांडा डुलतो. एका उंचवट्यावर अचूक लावलेली फट दुसऱ्या उंचवट्यावर निराळी होते. मग पॉइंट कितीही वेळा बदलले तरी लाभ होत नाही. दांडा हाताने बाजूस हलवून पाहिला, तर हा दोष क्षणात कळतो.

गरम झाल्यावरच चुकणाऱ्या आणि थंड होताच सुधारणाऱ्या इंजिनात बहुधा कॉइलचे आवरण उष्णतेने दगा देते. अशा दोषाची परीक्षा इंजिन तापलेले असतानाच केली पाहिजे.

मिसिंगकडे दुर्लक्ष करणे महाग पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन काढते आणि खालच्या तेलात मिसळून तेही पातळ करते. किरकोळ किमतीच्या कंडेन्सरपायी अखेर सारे इंजिन झिजते. म्हणून कुशल कारागीर एका वेळी एकच भाग बदलतो, झालेला फरक वहीत टिपतो आणि मगच पुढे जातो. चार भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित सुधारेल, परंतु दोष कोठे होता हे कोणासच कळणार नाही.