राखणदाराच्या ताटात काय वाढावे?

“भावजी, तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग आज तुम्हीच न्याय करा,” असे म्हणून वहिनींनी माझ्यासमोर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत पिशवीतले कोरडे, तपकिरी दाणे होते. दुसरीत खाटकाकडून आणलेला कच्चा खिमा. दाराशी बसलेला मोती दोन्हींकडे सारख्याच आशेने पाहत होता. न्याय त्याच्याच जेवणाचा करायचा होता.

हा प्रसंग भोपाळमधल्या गोविंदपुऱ्याचा. गोविंदपुरा म्हणजे ‘भेल’ कारखान्याचा परिसर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा कारखाना उभा राहू लागला आणि देशभरातून माणसे तिथे नोकरीला गेली. पुढे काही वर्षांनी आमचे मामाही गेले आणि तिथलेच झाले. आता त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे अण्णा, तिथल्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना चालवतात. वहिनी जमखंडीच्या. त्यामुळे घरात हिंदी रस्त्यापुरती, मराठी जेवताना आणि कन्नड मोतीशी बोलताना! ‘बा इल्लि’ म्हटले की मोती धावत येतो; ‘इधर आ’ म्हटले तर नुसते कान हलवतो.

त्यालाही कारण आहे. मोती मुधोळचा. वहिनींच्या भावाने दोन वर्षांपूर्वी दोन महिन्यांचे पिल्लू आणून दिले. दिवसा तो घरी असतो आणि रात्री कारखान्याच्या आवाराची राखण करतो. म्हणजे तो शोभेचा कुत्रा नाही, कामाचा आहे. कामाच्या कुत्र्याला काय खायला घालावे, यावरून त्या घरात दोन वर्षे वाद चालू होता.

शिकारी जातीचा गैरसमज

अण्णांचे म्हणणे सरळ होते. मुधोळ म्हणजे शिकारी जात. ससा-हरणामागे धावणारा कुत्रा. त्याला दाणे कसले घालता? पिल्लू घरी आल्यापासून अण्णा त्याला रोज बिनहाडाचा कच्चा खिमा घालू लागले. वहिनींच्या माहेरी मांस शिजत नाही. त्यांना ते घरात आणणेच जड जात होते, पण जनावराच्या तोंडचा घास काढायचा कसा, म्हणून गप्प राहिल्या.

पिल्लू चार महिन्यांचे झाले आणि लंगडू लागले. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. उचलून घेतले की विव्हळायचे. अण्णांना वाटले, कुठून तरी पडले असेल. जनावरांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला तेव्हा हाडे काचेसारखी पातळ दिसली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “याला काय खायला घालता?” अण्णांनी अभिमानाने सांगितले, “रोज ताजे मांस!”

तिथेच चूक होती. नुसत्या मांसात प्रथिने भरपूर, पण चुना, म्हणजे कॅल्शियम, जवळजवळ नाही. १०० ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडे अधिकच लागते. खाण्यातून ते मिळाले नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेते. लांडगा शिकार करतो तेव्हा नुसते लुसलुशीत मांस खात नाही. हाडे, काळीज, आतडी असे सगळे जनावर तो खातो. खाटकाकडचा खिमा म्हणजे त्या जनावराचा एक तुकडा.

शिवाय कुत्रा आता लांडगा राहिलेला नाही. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय अन्न पचवण्याची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढलेली आढळली. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून तो आपली भाकरी पचवायला शिकला. आपल्याकडच्या धनगराला किंवा कुरुबाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नाही. त्याचा कुत्रा ज्वारीची भाकरी आणि ताक यांवरच कळप राखत आला. आपण जिला आंबील म्हणतो आणि वहिनी अंबली, ती कुत्र्याच्याही वाट्याला येतच होती.

दाण्यांची पिशवी

डॉक्टरांनी मोतीसाठी पिल्लांचे कोरडे खाद्य, विश्रांती आणि औषध लिहून दिले. काही आठवड्यांत पिल्लू उभे राहिले. वहिनी जिंकल्या. पण दाण्यांचीही गोष्ट समजून घ्यायला हवी.

कुत्र्यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली ती जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने, लंडनमध्ये, १८६० च्या सुमारास. आज मिळतात तसे फुगवलेले दाणे अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आले. धान्य, मांसाची भुकटी, चरबी, क्षार आणि जीवनसत्त्वे एकत्र करून, दाब आणि उष्णता देऊन ते बनवतात. चांगल्या खाद्यात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ आधीच घातलेला असतो. पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिले आहे की नुसते ‘पूरक’, आणि ते पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, हे मात्र वाचून घ्यावे.

दाणे हलके आणि ताकदीला भारी. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी, तर तेवढ्याच चरबीविरहित कच्च्या मांसात १२० ते १५०. म्हणजे जे काम सव्वातीनशे ग्रॅम दाण्यांत होते, त्याला पाऊण ते एक किलो मांस लागते. पण दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, मांसात सत्तरच्या वर. म्हणून दाणे खाणाऱ्या कुत्र्यापुढे पाण्याचे भांडे सदैव भरलेले हवे.

दाणे म्हणजे अमृतही नव्हे. २००७ साली अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे निघाले. अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि कंपन्यांना माल परत घ्यावा लागला. आपल्याकडे दुसरे भय आहे ते पावसाळ्याचे. उघडी पिशवी सादळली की बुरशी धरते आणि काही बुरशींचे विष यकृत बिघडवते. शेंगदाणा, मका दमट कोठारात कसा खराब होतो, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तोच नियम इथे. घट्ट झाकणाचा डबा, महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी, आणि वास बदलला तर सरळ फेकून देणे.

आपल्या मेंढवाड्याची गोष्ट

मोती बरा झाल्यावर अण्णांनी पुन्हा हळूच खिमा सुरू केला होता. “आता पिल्लू नाही तो, मोठा झाला,” हा त्यांचा युक्तिवाद. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. मोठ्या कुत्र्याची हाडे पिल्लाइतकी चटकन वाकत नाहीत. पण डॉक्टरांनी त्या वेळी दुसराही एक प्रश्न विचारला होता, “घरात लहान मूल आहे का?” आहे, अण्णांची नात तीन वर्षांची आहे, आणि मोती तिचे तोंड चाटतो.

कच्च्या मांसावर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असे जंतू असू शकतात. कुत्र्याला ते पुष्कळदा बाधत नाहीत, पण त्याच्या तोंडातून, विष्ठेतून आणि खिमा कापलेल्या विळीवरून घरातल्या माणसांपर्यंत पोहोचतात. फ्रीजरमध्ये ठेवून हे जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ सालीच कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस घालू नये, असे धोरण जाहीर केले, ते याच कारणाने.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर गोविंदपुरा नव्हता, आपलाच सीमाभाग होता. जत्रेला बकरे कापले की फुप्फुस, काळीज, आतडी बाजूला टाकतात आणि कुत्री त्यावर तुटून पडतात. यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पण मेंढ्या-बकऱ्यांच्या फुप्फुसात आणि काळजात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. हायडॅटिड नावाच्या रोगाच्या त्या गाठी. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी वाढतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत, गवतात, भाजीवर जातात. ती मेंढीच्या पोटात गेली की पुन्हा गाठी, आणि माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

उपाय मात्र स्वस्त आहे. आतडी-काळीज कुत्र्यापुढे कच्चे टाकू नये. एक तर खोल पुरावे, नाहीतर अर्धा-पाऊण तास चांगले उकळून घालावे. डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने कुत्र्याला जंताचे औषध द्यावे. आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांना हात धुवायला लावावेत. कळपाची राखण करणाऱ्याकडूनच कळपाला आणि घराला रोग लागावा, याहून मोठी शोकांतिका कोणती?

काम तसे जेवण

भोपाळमध्येच भदभदा भागात मध्य प्रदेश विशेष सशस्त्र दलाच्या २३ व्या वाहिनीचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. वाघाची हाडे, कातडी हुंगून काढणारी वनखात्याची कुत्रीही २००८ पासून तिथे तयार झाली. श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार अण्णांच्या ओळखीचे. त्या संध्याकाळी ते चहाला आले होते. दोन्ही ताटल्या पाहून ते हसले. म्हणाले, “साहेब, काय घालता त्याआधी केव्हा घालता ते सांगा.”

त्यांचे म्हणणे असे. भरल्या पोटी कुत्र्याला पळवू नये. मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडू शकतो आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. कामावरून आल्यावर आधी विश्रांती, थोडे थोडे पाणी, मग जेवण. वेळ ठरलेली, भांडे ठरलेले, माप ठरलेले. कामगिरीवर बाहेरगावी जाताना कच्चे मांस उन्हात दोन तासांत नासते. दाण्यांची पिशवी खांद्याला लावता येते. आणि अतिलाडाने जाड झालेला कुत्रा लवकर धापा टाकतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

मापाचे महत्त्व अभ्यासानेही सिद्ध झाले आहे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी तेच अन्न आयुष्यभर दिले. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. मुधोळच्या फासळ्या थोड्या दिसतात म्हणून त्याला उपाशी समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याची अंगकाठीच तशी आहे.

या मुधोळचे आपल्याला कौतुक असायलाच हवे. मुधोळच्या मराठा घोरपडे संस्थानिकांनी कन्नड मुलखात जपलेली ही जात. २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले, मुधोळजवळ तिम्मापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र झाले, २०१६ मध्ये काही पिल्ले मेरठला लष्कराकडे गेली. पण कौतुक ताटात उतरले पाहिजे, आणि तेही मापाने.

न्याय

‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ अशी आपली एक म्हण आहे. अण्णा आणि वहिनी दोघेही तसेच भांडत होते. एक तर नुसते मांस, नाहीतर नुसते दाणे. मी दोन्ही ताटल्या परत केल्या आणि तिसरी मागितली.

त्या दिवसापासून मोतीचे मुख्य जेवण म्हणजे मोठ्या कुत्र्यासाठीचे दाणे, पेल्याने मोजून, दोन वेळा. आठवड्यातून दोन-तीनदा त्यावर उकडलेले अंडे किंवा शिजवलेले बिनहाडाचे मांस, कधी भाकरीचा चतकोर. हा वरचा घास एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नाही. मांस अण्णांनीच शिजवायचे, कारखान्यातल्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, म्हणजे वहिनींचे स्वयंपाकघर निराळे राहिले. कांदा, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे पूर्ण बंद. शिजलेले हाड फुटून अणकुचीदार होते आणि आतडे फाडते.

ज्यांना दाण्यांची पिशवी परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. भाकरी किंवा कण्यांचे घाटे, बिनमिठाचे ताक, अंडे, शिजवलेले मांस यांवरही कुत्रा चांगला राहतो. पण नुसत्या भाकरीवर नको आणि नुसत्या मांसावरही नको. कॅल्शियमची भर किती घालायची, ते जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्यावे. पिल्लू असेल तर विचारल्याशिवाय चालूच नये.

निघताना वहिनी मोतीच्या भांड्यात पेला रिकामा करत होत्या. नात शेजारी उभी राहून हात धुतल्याचे सगळ्यांना दाखवत होती. वहिनी म्हणाल्या, “भावजी, आमच्या आईची म्हण आहे. ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.” ज्याला जेवण कळले त्याला रोग नाही, ज्याला बोलणे कळले त्याला भांडण नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. मोतीच्या पुढच्या पायांवरून त्यांनी हात फिरवला. ते पाय आता सरळ आहेत. फक्त डावा जरासा बाहेर वळलेला राहिला आहे.