ऑर्थोकेराटॉलॉजी

ऑर्थोकेराटॉलॉजी : रात्री झोपताना विशिष्ट घडणीची कडक स्पर्शभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) घालून स्वच्छमंडलाची (डोळ्याच्या पुढील पारदर्शक, घुमटाकार पटलाची) वक्रता तात्पुरती बदलण्याच्या व त्यायोगे निकटदृष्टिता (दूरचे अस्पष्ट दिसण्याचा दोष) सुधारण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. सकाळी भिंगे काढल्यावर दिवसभर चष्म्यावाचून स्पष्ट दिसते. भिंगांचा वापर थांबविल्यास स्वच्छमंडल काही दिवसांत वा आठवड्यांत मूळ आकारावर येते. त्यामुळे या पद्धतीने निकटदृष्टिता ‘बरी’ होते, असे जे म्हटले जाते ते बरोबर नाही.

डोळ्याच्या सु. ६० डायोप्टर अभिसारी शक्तीपैकी सु. ४३ डायोप्टर एकट्या स्वच्छमंडलाची असते. निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा प्रमाणाबाहेर लांब असल्याने दूरच्या वस्तूची प्रतिमा जालपटलाच्या (प्रकाशसंवेदी पटलाच्या) अलीकडेच पडते. स्वच्छमंडलाचा मध्यभाग किंचित सपाट केला, तर ही शक्ती कमी होऊन प्रतिमा मागे सरकते. त्यासाठी लागणारा बदल अत्यल्प असतो. स्वच्छमंडलाची जाडी सु. ०·५५ मिमी. असून तिच्यापैकी सर्वांत बाहेरील उपकला (पेशींचा थर) केवळ ५० मायक्रोमीटर (०·०५ मिमी.) जाड असते. ४·५ मिमी. व्यासाच्या मध्यभागात ३ डायोप्टरची सुधारणा घडवावयाची, तर तेथील जाडी मध्यबिंदूशी सु. २० मायक्रोमीटरने घटावी लागते. म्हणजे उपकलेचा दोनपंचमांश भाग खर्ची पडतो. दोष जितका अधिक, तितका सुधारलेला भाग लहान ठेवावा लागतो. परिणामी अंधारात बाहुली विस्फारली की, दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. तीव्र निकटदृष्टितेत ही पद्धत अपुरी पडते, याचेही कारण हेच होय.

भिंग डोळा दाबून सपाट करते, हा समज स्थूलमानानेच खरा आहे. भिंगाच्या आतील पृष्ठाचा मध्यभाग स्वच्छमंडलापेक्षा सपाट, त्याभोवतीचे कडे अधिक वक्र आणि कडेचा पट्टा टेकण्याजोगा असतो. भिंग व मध्यभाग यांमध्ये अश्रूंचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर राहतो. या थरातील दाब मध्यभागी अधिक, तर कड्याखाली कमी असतो. दाबातील या फरकामुळे उपकला मध्यभागी पातळ व सभोवती जाड होते. पेशी सरकतात, की दाबल्या जातात, याविषयी एकमत नाही. पहिल्याच रात्री बराचसा परिणाम दिसतो व साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत तो स्थिरावतो.

जॉर्ज जेसेन यांनी १९६२ मध्ये शिकागो येथे सपाट वक्रतेची भिंगे वापरून दोष कमी करण्याची कल्पना मांडली. त्या काळची भिंगे पॉलिमिथिल मिथॅक्रिलेटाची असत. त्यांतून ऑक्सिजन आरपार जात नसल्याने ती दिवसाच वापरावी लागत. शिवाय ती जागेवरून सरकत व स्वच्छमंडल वेडेवाकडे होई. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी सुधारणा सु. १ डायोप्टर एवढीच आढळली आणि तीही टिकाऊ नव्हती. १९८९ च्या सुमारास उलट वक्रतेचे कडे असलेली भिंगे पुढे आली. ऑक्सिजन-पार्य पदार्थांमुळे भिंगे रात्री घालणे शक्य झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये रात्री घालावयाच्या अशा भिंगांना ६ डायोप्टरपर्यंतच्या निकटदृष्टितेसाठी प्रथम मान्यता दिली.

आज या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले आहे, ते मुख्यतः मुलांच्या संदर्भात. हाँगकाँग येथे ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांवर दोन वर्षे केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत चष्मा वापरणाऱ्या मुलांचा नेत्रगोल सरासरी ०·६३ मिमी.ने, तर ही भिंगे वापरणाऱ्यांचा ०·३६ मिमी.ने वाढला. नेत्रगोलाच्या १ मिमी. वाढीने चष्म्याचा अंक सु. २·५ ते ३ डायोप्टरने चढतो, हे लक्षात घेता हा फरक क्षुल्लक नाही. स्वच्छमंडलाचे जाड झालेले कडे जालपटलाच्या परिघावरील प्रतिमा पुढे आणते व त्यामुळे वाढीस आळा बसतो, असे मानले जाते. मात्र सुमारे १४ वर्षे वयाच्या आत भिंगे सोडल्यास वाढीचा वेग पुन्हा चढल्याचे आढळले आहे. तसेच लांबलेला नेत्रगोल या भिंगांनी आखूड होत नाही. जालपटल सुटण्यासारखे लांबट डोळ्याचे धोके, नजर स्पष्ट झाली तरी, कायमच राहतात. म्हणून केवळ अक्षरतक्ता वाचवून घेण्यावर न विसंबता नेत्रगोलाची लांबी ठरावीक काळाने मोजावी लागते.

सर्वांत गंभीर धोका स्वच्छमंडलाच्या जंतुसंसर्गाचा होय. झोपेत पापण्या मिटलेल्या असताना डोळ्यास ऑक्सिजन कमी मिळतो, अश्रूंची हालचाल मंदावते आणि पातळ झालेली उपकला जंतूंना पूर्वीइतका अडसर करीत नाही. २००१ पासून पूर्व आशियातून अशा रुग्णांचे अहवाल येऊ लागले. त्यांत स्यूडोमोनास हे सूक्ष्मजंतू व अकँथामीबा हा पाण्यातील आदिजीव हे प्रमुख कारक होते. अकँथामीबाच्या संसर्गाचा संबंध भिंगे नळाच्या पाण्याने धुण्याशी दिसून आला. अमेरिकेतील २०१३ च्या एका अभ्यासात दर १०,००० रुग्ण-वर्षांमागे ७·७, तर केवळ मुलांत १३·९ संसर्ग आढळले. हे प्रमाण अल्प असले, तरी संसर्गानंतर उरणारा व्रण बाहुलीसमोर असल्यास दृष्टी कायमची अधू होते. आणि चष्म्याने भागत असलेल्या निरोगी मुलाच्या बाबतीत हा धोका पालकांनी पत्करावयाचा असतो. सौम्य मात्रेतील ॲट्रोपिनाचे थेंब किंवा दिवसा घालावयाची मऊ बहुकेंद्री भिंगे हे पर्याय त्यापूर्वी विचारात घेतले जातात.

भिंगे हाताळण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावे लागतात; भिंगे व त्यांची डबी यांना पाण्याचा स्पर्श होऊ द्यावयाचा नसतो. सकाळी भिंग डोळ्यास चिकटलेले आढळल्यास ते ओढून काढू नये. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून ते सुटे होईपर्यंत थांबावे. डोळा लाल होणे, दुखणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही आढळले, तर भिंगे काढून ठेवून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जाणे आवश्यक असते.